बेकारभत्ता, गरीब-साहाय्य आणि सरकारी कर्जफेड : दोन महायुद्धांमधले ब्रिटन

काठावरचा

सप्टेंबर १९३१ च्या अंदाजपत्रकाने ब्रिटनमधल्या बेकार पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सांवर आणला (तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड आणि १२ पेन्सांचा एक शिलिंग होई). नवरा, बायको आणि तीन मुले एवढ्या कुटुंबाला पूर्वी ३२ शिलिंग मिळत असत, ते आता २९ शिलिंग ३ पेन्स मिळू लागले. या कपातीच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला, तो वरवर पाहता बिनतोड होता. गेल्या दोन-तीन वर्षांत किमती उतरल्या आहेत, म्हणून तेवढ्याच शिलिंगांत बेकार माणसाला अधिक वस्तू मिळतात. तेव्हा दहा टक्के कापले तरी त्याचे प्रत्यक्षात फारसे नुकसान होत नाही, असे सांगितले गेले. मला या धाग्यात एवढेच मांडायचे आहे की, हाच युक्तिवाद सरकारी कर्जरोख्यांच्या व्याजालाही तितकाच लागू होता, आणि तिथे तो कोणी अधिकृतपणे केला नाही.

आधी कर्जाचा आकार पाहू. १९१४ मध्ये ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे ६५ कोटी पौंड होते. युद्ध संपल्यानंतर ते ७४० कोटींच्या वर गेले. त्यातला सर्वांत मोठा तुकडा १९१७ चे पाच टक्क्यांचे युद्धकर्ज होता. त्याचे २०० कोटींहून अधिक पौंडांचे रोखे लोकांच्या आणि संस्थांच्या हाती होते, आणि एवढ्या एकाच कर्जाचे व्याज वर्षाला १० कोटी पौंडांच्या पुढे जात होते. विशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या खर्चातला सुमारे दोन पंचमांश भाग व्याजापोटी जाई. वर्षानुवर्षे सरकार व्याज वगळता शिल्लक दाखवत राहिले, तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचा बोजा घटला नाही, उलट १९३० पर्यंत वाढला. कारण सरळ होते. एप्रिल १९२५ मध्ये पौंड पुन्हा सोन्याशी, तोही युद्धापूर्वीच्या ४.८६ डॉलरच्या दराने, बांधला गेला. तो दर टिकवण्यासाठी व्याजदर चढे ठेवावे लागले, किमती आणि मजुरी खाली ढकलावी लागली, आणि पौंडांत लिहिलेले कर्ज मात्र जसेच्या तसे राहिले. स्वस्ताईच्या काळात घेतलेले कर्ज महागाईत फेडणे सोपे जाते, महागाईत घेतलेले स्वस्ताईत फेडताना कंबर मोडते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या बाजूला गरिबांच्या साहाय्याची व्यवस्था होती. १८३४ च्या गरीब कायद्याने उभी केलेली गार्डियन मंडळे, म्हणजे गरिबांना मदत देणारी निवडून आलेली स्थानिक मंडळे, युद्धानंतरही शिल्लक होती. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलाखीत राबणाऱ्या मजुराहूनही वाईट असली पाहिजे, हे त्या कायद्याचे सूत्र. वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून काम करवणाऱ्या आश्रयगृहात, न जाता घरी बसून मिळणारी मदत हा नियमाला अपवाद मानला जात असे. १९२१ नंतरच्या बेकारीत हा अपवादच नियम झाला. १९२० च्या विमा कायद्याने सुमारे एक कोटी वीस लाख कामगारांना बेकारीविम्याच्या छत्राखाली आणले होते खरे, पण विम्याचे हप्ते ठरवताना एवढी मोठी आणि एवढी लांबलेली बेकारी कोणीच गृहीत धरली नव्हती. ज्याचा विमा संपला तो गार्डियनांच्या दारात येई, आणि गार्डियनांचा पैसा येई स्थानिक घरपट्टीतून.

येथेच पॉप्लरचा प्रश्न उभा राहतो. पूर्व लंडनमधला हा गोदीकामगारांचा भाग. जिथे बेकार अधिक तिथे घरांची किंमत कमी, म्हणजे पट्टीचे उत्पन्नही कमी. वेस्टमिन्स्टरमध्ये पौंडामागे एक पेनी पट्टी लावली की पॉप्लरच्या आठपटीच्या आसपास पैसा गोळा होई. म्हणजे गरिबांना पोसण्याचा भार गरिबांच्याच घरपट्टीवर. १९२१ मध्ये तिथले मजूर पक्षाचे नेते जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकारी नगरसेवकांनी लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस आणि आश्रयालय मंडळ यांच्यासाठी वसूल करावयाची पट्टी लावण्यास नकार दिला. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल तीस नगरसेवक तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनला, स्त्रिया हॉलोवेला. सुमारे सहा आठवड्यांनी ते सुटले आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने गरीब-साहाय्याचा बराचसा खर्च संपूर्ण लंडनवर वाटला गेला. तुरुंगात गेलेल्यांपैकी लॅन्सबरींच्या सून मिनी लॅन्सबरी सुटकेनंतर थोड्याच काळात, १ जानेवारी १९२२ रोजी, न्यूमोनियाने वारल्या.

पॉप्लरला यश आले कारण लंडनमध्ये खर्च वाटून घ्यायला श्रीमंत भाग होते. लंडन काउंटीच्या हद्दीबाहेरच्या वेस्ट हॅमला ती सोय नव्हती. तिथल्या मंडळाने मदत चालू ठेवण्यासाठी आरोग्य मंत्रालयाकडून कर्जावर कर्ज काढले, ते वीस लाख पौंडांच्या घरात गेले. १९२६ मध्ये आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी खास कायदा करून वेस्ट हॅम, चेस्टर-ले-स्ट्रीट आणि बेडवेल्टी ही तीन निवडून आलेली मंडळे बाजूला सारली आणि तिथे सरकारी प्रशासक बसवले. एप्रिल १९३० पासून तर गार्डियन मंडळेच इतिहासजमा झाली. त्यांचे काम काउंटी आणि मोठ्या नगरांच्या सार्वजनिक साहाय्य समित्यांकडे गेले.

आता १९३१. विमा निधी तुटीत गेल्यामुळे तो सरकारी खजिन्याकडून कर्ज घेत होता. जुलैअखेर सर जॉर्ज मे यांच्या समितीने १२ कोटी पौंडांची तूट भाकीत केली आणि ९ कोटी ६५ लाखांची काटकसर सुचवली. त्यातले ६ कोटी ६५ लाख एकट्या बेकारी साहाय्यातून यायचे होते. आता या १२ कोटींत काय धरले होते ते पाहा. जुने कर्ज फेडण्यासाठी दरवर्षी बाजूला काढायची सुमारे ५ कोटींची रक्कम समितीने रोजच्या अटळ खर्चात मोजली होती, आणि बेकारांना दिलेली उसनवारी चालू तुटीत. कर्ज फेडणे थांबवता येत नाही, जेवण थांबवता येते, असा या मांडणीचा अर्थ होतो. मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ दहा टक्के कपातीवर ११ विरुद्ध ९ असे दुभंगले आणि २४ ऑगस्टला पडले. ज्या कपातीवरून ते पडले तिची रक्कम सुमारे सव्वा कोटी पौंड होती.

हिशेबनीस

धागा माहितीपूर्ण आहे, परंतु यात एक बाजू कमी बोलली गेली आहे असे मला वाटते, म्हणून ती मांडतो.

भत्ता हा संसदेने ठरवलेला दर असतो, तो संसद बदलू शकते. रोखा हा करार असतो. सरकारने ऑगस्ट १९३१ मध्ये, न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या बँकांकडे पौंड सावरण्यासाठी कर्ज मागत असताना, देशांतर्गत रोखेधारकांचे व्याज एकतर्फी कापण्याची भाषा केली असती तर त्याच दिवशी उरलेसुरले सोने देशाबाहेर गेले असते. दुसरे म्हणजे युद्धकर्जाचे धारक म्हणजे सगळे लॉर्ड आणि सावकार नव्हेत. युद्धात गल्लोगल्ली बचत समित्या काढून सामान्य लोकांना रोखे आणि प्रमाणपत्रे विकली गेली होती. विधवा, निवृत्त शिक्षक, कामगारांच्या परस्पर-साहाय्य संस्था यांचेही पैसे त्यात होते. शिवाय व्याजावर प्राप्तिकर लागत असे, मोठ्या उत्पन्नांवर वरचा अधिभारही. म्हणजे सरकार एका हाताने दिलेल्यातले बरेच दुसऱ्या हाताने परत घेत होते.

आणि एक दुरुस्ती नव्हे, पण भर घालतो. मजूर मंत्रिमंडळ पडल्यावर आलेल्या सरकारचे अर्थमंत्री स्नोडेन यांनी त्याच सप्टेंबरच्या अंदाजपत्रकात कर्जफेड निधीची रक्कमही सुमारे दोन कोटी पौंडांनी कमी केली आणि प्राप्तिकर पौंडामागे साडेचार शिलिंगांवरून पाच शिलिंगांवर नेला. तेव्हा सगळा भार फक्त बेकारांवर टाकला, असे चित्र पूर्ण नाही. शिक्षक, पोलीस, नौसैनिक यांचेही पगार कापले गेले. नौसैनिकांनी स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात काम थांबवले, त्यानंतर आठवडाभरात, २१ सप्टेंबरला, ब्रिटनने सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली.

काठावरचा

हिशेबनीस, आपण मांडलेली भर मान्यच आहे, आणि स्नोडेन यांनी कर्जफेड निधी कापला हे तर माझ्या मुद्द्याला पोषक आहे. ज्या रकमेला मे समितीने जुलैअखेर अटळ ठरवून सरकार पाडण्याइतकी तूट दाखवली, तीच रक्कम सप्टेंबरमध्ये नव्या सरकारला निम्म्याच्या जवळपास कमी करता आली. मग ती अटळ होती कुठे?

कराराबद्दल म्हणाल तर बेकारीविमाही हप्ते भरून मिळवलेला हक्क होता. कामगाराच्या पगारातून दर आठवड्याला त्याचा हप्ता कापला जाई, मालक आणि सरकार आपापला वाटा घालीत. विमा कराराने मिळतो आणि रोखाही कराराने मिळतो. त्यातला एक करार संसदेला बदलता येतो आणि दुसरा पवित्र असतो, हे कायद्याने ठरवलेले नसून कोणाचा विश्वास गमावणे परवडत नाही यावरून ठरलेले आहे. न्यूयॉर्कच्या बँकेला बेकार माणसाचा विश्वास नको होता.

युद्धानंतर या प्रश्नावर दुसरा उपायही मजूर पक्षाने मांडला होता, तो म्हणजे मोठ्या संपत्तीवर एकदाच जबर कर बसवून कर्जाचा मोठा भाग एका घावात फेडणे. १९२२ आणि १९२३ च्या निवडणुकांत तो प्रचारात होता. १९२४ मध्ये सत्ता मिळाल्यावर अल्पमतातल्या सरकारने तो पुढे रेटला नाही. प्रश्न लॉर्ड कोल्विन यांच्या समितीकडे सोपवला गेला. १९२७ मध्ये तिचा अहवाल आला. बहुमताने हा कर नाकारला आणि कर्जफेड निधी वाढवा असे सांगितले. १९२८ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी व्याज आणि कर्जफेड मिळून वर्षाला ३५ कोटी ५० लाख पौंड अशी ठरावीक रक्कम बांधून घातली. ज्या वर्षी कोळसा खाणींच्या दऱ्या ओस पडत होत्या, त्या वर्षी.

मुक्ता

आकड्यांची चर्चा चालली आहे, त्यात मदत प्रत्यक्ष कशी मिळत होती याची भर घालते, कारण खरी धग तिथे होती.

नोव्हेंबर १९३१ पासून, विम्याचे २६ आठवडे संपलेल्या बेकाराला पुढची मदत मिळण्यापूर्वी सार्वजनिक साहाय्य समितीची चौकशी सोसावी लागे. पैसा सरकारी खजिन्याचा, पण चौकशी करणारी यंत्रणा थेट जुन्या गरीब कायद्याची. चौकशी माणसाची होत नसे, घराची होई. मुलगा कारखान्यात लागला तर त्याच्या पगारातला भाग बापाच्या नावे धरून बापाची मदत कापली जाई. मुलीची कमाई, आजोबांचे निवृत्तिवेतन, पोस्टातली शिल्लक, सगळे मोजले जाई. त्यामुळे कमावती मुले घर सोडून दुसरीकडे खोली घेत, आणि मग ती खरोखर वेगळी राहतात का याचीही चौकशी होई. युद्धात जखमी झालेल्या सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतनही सुरुवातीला उत्पन्नात धरले जाऊ शकत होते. त्यातला निम्मा भाग मोजू नये, ही सूट १९३२ च्या अखेरच्या कायद्याने दिली. काठावरचा यांच्या मुद्द्याला जोडून सांगते : एकाच युद्धाचे दोन येणेकरी होते, एकाने पैसा दिला होता आणि एकाने हातपाय. घरात शिरून चौकशी दुसऱ्याचीच झाली.

विवाहित स्त्रियांची गोष्ट तर मजूर पक्षाच्याच काळातली आहे. १९३१ च्या उन्हाळ्यात कामगारमंत्री मार्गारेट बाँडफील्ड यांनी विम्यातल्या तथाकथित विसंगती दूर करणारा कायदा आणला. लग्नानंतर ठरावीक काम झाल्याचे आणि पुन्हा काम मिळण्याची वाजवी शक्यता असल्याचे सिद्ध केल्याखेरीज विवाहित स्त्रीला भत्ता नाही, मग तिने लग्नाआधी वर्षानुवर्षे हप्ते भरलेले का असेनात. एक लाखाहून अधिक स्त्रियांचे अर्ज या नियमाने नामंजूर झाले. लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये लग्न झालेल्या बायका काम करतच असत, तिथे याचा फटका जबर बसला. हिशेबनीस म्हणतात की भार सर्वांवर पडला. पडला असेल, पण या बायकांचा दहा टक्के नव्हे, संपूर्ण भत्ता गेला, आणि त्यांच्यासाठी कोणतेही मंत्रिमंडळ फुटले नाही.

सगळ्याच समित्या कठोर होत्या असे मात्र नाही. रॉदरहॅम आणि डरहॅम काउंटी येथील समित्या सढळपणे पूर्ण मदत मंजूर करीत. १९३२ मध्ये सरकारने त्यांना हटवून तिथे आयुक्त नेमले. वेस्ट हॅमचाच प्रयोग पुन्हा झाला.

गिरगावातला

या विषयाचा आपल्याशी संबंध आहे का, असा प्रश्न वाचताना मनात आला, आणि तो बराच आहे असे दिसते.

पहिली गोष्ट, या युद्धकर्जाचा एक भाग हिंदुस्थानच्या करदात्याने उचलला. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांची 'देणगी' दिली. ती देण्यासाठी येथे कर्ज उभारले आणि उरलेल्या रकमेपुरता ब्रिटिश युद्धकर्जाच्या व्याजाचा भार अंगावर घेतला. देणगी देणाऱ्याने कर्ज काढून देणगी द्यावी, याला दानत म्हणावे की काय, हे वाचकांनी ठरवावे.

दुसरी, ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये सर एरिक गेडीज यांच्या समितीची कुऱ्हाड चालली, तिने ८ कोटींहून अधिक पौंडांची काटकसर सुचवली होती. लगोलग हिंदुस्थानात लॉर्ड इंचकेप यांची काटकसर समिती बसली. एवढे करूनही अंदाजपत्रक जुळेना, तेव्हा १९२३ मध्ये मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेला गेला. विधिमंडळाने तो फेटाळला, तर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो लागू केला. पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला. येथे बेकारभत्ता नव्हताच की कापता येईल. दुष्काळ संहितेखालची खडी फोडण्याची कामे आणि पोटापुरती मजुरी, एवढीच सरकारी मदत, आणि तीही दुष्काळ जाहीर झाला तरच. धान्याचे भाव निम्म्यावर येऊन शेतकरी बुडाला, तर तो संहितेच्या व्याख्येत बसत नसे, कारण पीक तर आलेले असे.

तिसरी गोष्ट १९३१ च्या सप्टेंबरनंतरची. पौंड सोन्यापासून सुटला, रुपया मात्र १ शिलिंग ६ पेन्सांच्या दराने पौंडाला बांधलेला राहिला. रुपयांत सोन्याचा भाव चढला. शेतमालाचे भाव पडलेले, सावकाराचे हप्ते आणि सारा तसाच. खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचे सोने सराफांकडे आले आणि मुंबई बंदरातून जहाजांनी लंडनला गेले. या सोन्याने पौंड सावरायला मोठा हातभार लागला. ज्या स्वस्त व्याजदरांवर पुढे ब्रिटनने आपले युद्धकर्ज हलके केले, त्याची पायाभरणी करणाऱ्यांत कर्जबाजारी कुणबीही होता, हे ब्रिटिश चर्चेत क्वचितच येते.

जाता जाता, त्या काळच्या ब्रिटिश संसदेत बेकारांच्या बाजूने बोलणाऱ्यांत आपल्या मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला होते. ते लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून दोनदा निवडून आले, आणि १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर केलेल्या भाषणाबद्दल त्यांना दोन महिने तुरुंगवास झाला.

हिशेबनीस

गिरगावातला यांनी स्वस्त व्याजदरांचा उल्लेख केला, तो धागा पुढे नेतो, कारण रोखेधारकांना कधीच हात लागला नाही असा समज येथे होऊ नये.

३० जून १९३२ रोजी बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर दोन टक्क्यांवर आला आणि त्याच संध्याकाळी अर्थमंत्री चेंबरलेन यांनी पाच टक्क्यांचे सगळे युद्धकर्ज साडेतीन टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली. १९१७ च्या शर्तींप्रमाणे १९२९ नंतर नोटीस देऊन कर्ज परत करण्याचा सरकारला अधिकार होता, म्हणजे कराराचा भंग झाला नाही. सुमारे ९२ टक्के रोखे बदलून घेतले गेले. देशप्रेमाचे आवाहन होते, बँकांवर आडून दबाव होता, पण सक्ती नव्हती. वर्षाला करवजा २ कोटी ३० लाख पौंडांच्या आसपास वाचले. म्हणजे भत्तेकपातीच्या जवळजवळ दुप्पट. हे १९३१ मध्ये, बाजारात व्याजदर चढे असताना, कोणत्याही सरकारला जमले नसते.

काठावरचा

ही कालरेषा बरोबर आहे. तरी ती रीत जवळून पाहावी अशी माझी विनंती आहे. ३१ जुलैपूर्वी होकार देणाऱ्या रोखेधारकाला शंभर पौंडांमागे एक पौंड रोख बक्षीस मिळाले. ज्याने काहीच कळवले नाही, त्याचाही होकार धरला गेला. त्याच वर्षी बेकार माणसाला आपल्या मुलाची मजुरी किती याचा दाखला द्यावा लागत होता. आणि सुवर्णमान सोडल्यानंतर व्याजदर उतरले, म्हणजे ज्या दराचे रक्षण करण्यासाठी भत्ता कापला तो दर कपातीनंतर महिनाभरही टिकला नाही, आणि तो गेल्यावरच कर्ज हलके झाले. कपात मात्र जुलै १९३४ पर्यंत चालू राहिली.

करार पाळण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या कर्जाचेही उदाहरण आहे. १९२३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री बाल्डविन यांनी वॉशिंग्टनशी ४६० कोटी डॉलरचे कर्ज ६२ वर्षांत फेडण्याचा करार केला. डिसेंबर १९३२ मध्ये ९ कोटी ५५ लाख डॉलरचा हप्ता सोन्यात दिला गेला, पुढच्या वर्षी नाममात्र रकमा दिल्या गेल्या, आणि जून १९३४ पासून काहीच नाही. ते कर्ज आजही फेडलेले नाही. देशातले साडेतीन टक्क्यांचे रोखे मात्र मार्च २०१५ मध्ये शेवटी पूर्ण परत केले गेले. तेव्हा कोणता करार पाळायचा हे सरकार निवडतच होते.

मुक्ता

आणि विमा निधीच्या उसनवारीचे पुढे काय झाले? तो निधी खजिन्याला देणे लागत होता असे आपण लिहिले आहे.

काठावरचा

१९३४ च्या बेकारी कायद्यात त्याची तरतूद आहे. निधीवर साठलेले देणे १० कोटी पौंडांच्या वर होते. ते माफ केले नाही. दरवर्षी ५० लाख पौंड याप्रमाणे १९७१ पर्यंत फेडावे असे ठरले. ते यायचे होते कामगार, मालक आणि सरकार यांच्या चालू हप्त्यांतून. म्हणजे १९३४ मध्ये कामावर असलेल्या कामगाराच्या हप्त्यातला काही भाग १९२० च्या दशकातल्या बेकारांना दिलेल्या मदतीची परतफेड करण्यात जाणार होता.

हिशेबनीस

यात एवढी भर घालतो की, निधीवर देखरेख करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्याकडे होते, आणि शिल्लक पडली तर ती कर्जफेडीकडे वळवावी, हप्ते कमी करावेत की भत्ता वाढवावा, याची शिफारस ती समिती करीत असे. १९३५ मध्ये तिच्या शिफारशीवरून मुलामागचा भत्ता आठवड्याला दोन शिलिंगांवरून तीन करण्यात आला. १९३१ च्या कपातीत मुलांच्या दोन शिलिंगांना हात लावला नव्हता, ही एक गोष्ट स्नोडेन यांच्या खाती नोंदवायला हवी.